दोन फुलवाती आणि दुबईचा ऊद

...एकच थेंब म्हणे! आणि तोही मनगटावर, आणि चोळायचा नाही, अत्तराला त्रास होतो! तुम्हाला सांगतो, आमचे जावई आमोदराव दुबईला असतात, त्यांनी ती बाटली माझ्या हातात अशी दिली, जशी नर्स बाळ देते. खाली मखमल, वर मखमल, मध्ये करंगळीएवढी काळी बाटली. "बाबा, पुरुषांचं खास अरबी अत्तर आहे, अस्सल ऊद. तिकडे आधी कपड्यांना धुरी देतात, मग हे लावतात. दोन दिवस वास जात नाही. जपून हं." आता मला कुणी 'जपून' म्हटलं की मी आधी खाली बसतो. माणसाने घाबरावं तरी किती हो?

पूर्वी मी एकाच गोष्टीला घाबरायचो. आमच्या हिच्या, उल्काच्या नाकाला. डॉक्टरांनी मला तळलेलं बंद केलंय, म्हणून ऑफिसातून येताना कोपऱ्यावर एखादा बटाटेवडा खावा, मग चूळ भरावी, बडीशेप खावी, रुमालसुद्धा बदलावा... आणि दार उघडता उघडता ही म्हणणार, "वडा. तेल कालचं होतं." संपलं! पुढे चार दिवस दुधी.

मग करोना आला आणि ते नाक घेऊन गेला. ताप उतरला, खोकला थांबला, नाक काही परत मिळालं नाही. सुरुवातीला मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू, वडा खाल्ला, वर भजी खाल्ली, घरी सगळं शांत. पण मग एक दिवस दूध करपलं, धूर हॉलपर्यंत आला आणि ही शेगडीशेजारी बसून शब्दकोडं सोडवतेय... आणि मग ती संध्याकाळ. जिन्यातच गॅसचा वास. चौथा मजला, लिफ्ट बंद, कसा चढलो माझं मला माहीत. दार उघडलं तर शेगडीचं बटण अर्धवट चालू, आणि ही देवापुढे उभी, एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी. दिवा लावायला! मी काय ओरडलो ते आठवत नाही. काडी हिसकावली, खिडक्या उघडल्या आणि तिथेच जमिनीवर बसलो. ही विचारते, "अहो, झालं काय?" तिला खरंच कळलं नव्हतं हो.

तेव्हापासून आमचे देव बॅटरीच्या दिव्यावर आहेत. काडेपेटी माझ्या कपाटात, कुलपात. आणि ऑफिसातून माझे फोन. "गॅस बघितलास?" "बघितला. होता तिथेच आहे." ती फोन ठेवते आणि मी पुन्हा घड्याळाकडे बघत बसतो. माणसाने घाबरावं तरी किती?

डॉक्टर म्हणाले, रोज उग्र वास द्या, नाक पुन्हा शिकतं. झालं, लवंग आणली, निलगिरी आणली, शेवटी हिंगाची डबी नाकाशी धरली. ही म्हणाली, "येतोय हो, थोडा थोडा." मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी... आणि बघतो तर डबी रिकामी. घासून ठेवलेली! माझ्या समाधानासाठी म्हणाली होती. मला वाईट वाटलं ते वाटलंच, पण आधी जाऊन कपाटाचं कुलूप तपासलं. उद्या गॅसचाही वास 'येतोय' म्हणाली तर?

म्हणून ठरवलं, या उदाचं हिला सांगायचंच नाही. न सांगता आला वास, तर खरा. आता थेंब कसला लावताय, आमच्याकडे अत्तर म्हणजे कानात फाया! कापूस कुठला? तर हिच्या डब्यातल्या फुलवाती, दिवाच नाही म्हणून पडून होत्या. सकाळी दोन फुलवाती आणि बाटली खिशात घातली, ऑफिस सुटताना त्या चांगल्या निथळेपर्यंत बुडवल्या, एकेक कानात... आणि तुम्हाला सांगतो, माझेच डोळे पाणावले! बसमध्ये शेजारची सीट कोथरूडपर्यंत रिकामी. मागून एक मुलगी म्हणते, "काका, खिडकी जरा पूर्ण उघडता?" सोसायटीच्या फाटकात आमचे शेजारी सलीलराव भेटले. थांबले, वास घेतला, आवाज खाली आणून विचारतात, "दिगंबरराव, कोण गेलं?"

पण जिना चढवेना हो. सगळ्या जगाला आलेला वास हिला नाही आला तर? याच्यापेक्षा उग्र मी आणणार तरी काय? तसाच मागे फिरलो, कोपऱ्यावर गेलो, भीतीच्या भरात एक वडा खाल्ला, मग वर गेलो.

हिने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं. "चहा ठेवते," म्हणाली आणि आत गेली. बस्स. मी सोफ्यावर बसलो, चपला काढायचंही सुचलं नाही. मग आतून आवाज, "अहो... हा वास कसला, देवळाबाहेर कुणाची चप्पल जळल्यासारखा?"

ती बाहेर आली, वास घेत घेत माझ्याजवळ आली, कानातून कापूस काढला. "ही माझी फुलवात आहे," म्हणाली. पुन्हा नाकाशी धरली. पुन्हा धरली. मग माझ्या शेजारी बसली आणि रडली, आणि मीही रडलो, उगाच लपवू कशाला?

मग उठली, शेगडीचं बटण क्षणभर फिरवलं, वाकली, बंद केलं. "गॅसचा येतोय. द्या काडेपेटी." आणि माझ्यासमोर ती घासलेली हिंगाची डबी उभी राहिली! खोटं बोलत असेल तर? किल्ली खिशात, हात किल्लीवर, हात काही बाहेर येईना...

"आणि वडा खाल्लात," ही म्हणाली. "तेल कालचं होतं."

दिली हो काडेपेटी. काय करणार? शेखांचं अत्तर ते, दोन दिवस बसमध्ये शेजारी कुणी बसलं नाही, पण एक वडा काही झाकता आला नाही त्याला. देवापुढे आता तेलाचा दिवा आहे, माझ्या पानात दुधी आहे, आणि मी आपला पूर्वीसारखा घाबरून असतो.