डावी मांडी

...आणि तुम्हाला सांगतो, मला कुणी पाडलंच नव्हतं, त्याचंच तर दुःख! मलप्पुरमच्या मैदानात फुटबॉल खेळताना डाव्या पायावर गर्रकन वळलो, गुडघ्यात कट् झालं, संपलं. आता सूज गेलीय, दुखत नाही, सरळ रस्त्यानं चालतोसुद्धा... पण पाय माझा, आणि ऐकेल तर शपथ.

ती जसीला नावाची फिजिओ मला म्हणते, "शंसूक्का," म्हणजे शंसूदादा, "डावी मांडी आवळा." आवळली. "ही उजवी. तोंडही आवळलंत. डावी कुठाय?" आता कुठाय म्हणजे? परवापर्यंत होती! मग समजावते, "आतला दोर तुटलाय ना, तो नुसती हाडं बांधत नव्हता, गुडघ्याची खबर मेंदूला पोचवत होता. खबर बंद झाली, मेंदू घाबरला, मांडीला म्हणाला, गप पड." घ्या... मेंदू माझा, आणि भरवसा माझ्यावरच नाही.

पण शुक्रवारी फायनल, शेजारच्या गावाशी, आणि डावी बाजू कायम माझी. आमचे मॅनेजर बीरानिक्का, त्यांना ठोकून दिलं, एकदम ठणठणीत आहे. ते थोडेच डॉक्टर आहेत? त्यांनी चहाच्या टपरीवर बोलावलं. वडीलधारं माणूस समोर, म्हणून गुडघ्यावर दुमडलेलं मुंडू, आमची केरळातली लुंगी हो, मी अदबीनं खाली सोडलं. चहा झाला, "चल," म्हणाले. चालायचं म्हणजे मुंडू परत वर घ्यायचं, आणि त्यासाठी वाकतो कोण? टाचेनं मागचा काठ उडवायचा, हातात झेलायचा, चालता चालता. डावा पाय उडेना, म्हणून मी हुशारी केली, उजव्यानं उडवला... म्हणजे सगळा भार कुणावर? पाय माझा, आणि ऐकेल तर शपथ! गुडघा एकीकडे, मी दुसरीकडे, आणि मुंडू... जाऊ द्या, बायामाणसं ऐकतायत.

बीरानिक्का शांतपणे म्हणाले, "शंसू, तुला मुंडू आवरेना, तू त्यांचा स्ट्रायकर काय आवरणार?"

तर शुक्रवारी मी मैदानाच्या कडेला, खुर्चीत, म्हाताऱ्यांच्या रांगेत. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शेजारचे हम्साक्का चहाचा ग्लास सांभाळत सरकले, "उजवा का डावा?" म्हटलं, डावा. "माझे दोन्ही," म्हणाले, अगदी आपलेपणानं.

आणि शेवटी शेवटी त्यांचा तो स्ट्रायकर सुटला, माझ्याच बाजूनं... आणि काय सांगू, मांडी आवळली. डावी! कुणी न सांगता. पाय असा काही उडाला की हम्साक्कांचा ग्लास चहासकट लाइन्समनच्या पाठीवर. तिकडे गोल झाला तो झालाच.

ऐकला हो, पाय शेवटी ऐकला. फक्त आपण खुर्चीत आहोत, ही खबर त्याला कुणी पोचवली नव्हती.