पुढचा ब्रेक कुठल्या हाताला

मुरारी : म्हणजे हे खाली वळलेलं हँडल तुमच्यासाठी नाही, लतीफभाई?

लतीफ : माझ्यासाठी कशाला? सायकल हिची हाय. मी पिशवी धरायला आलोय.

मुरारी : भाभी, एकदा नीट बघून घ्या. ही मेंढ्याची शिंगं आहेत. यावर वाकलं की माणूस रस्ता बघत नाही, स्वतःचं पुढचं चाक बघतो. मुंबईची पोरं अशी हँडलं लावून रायगडाखाली हिरकणीवाडीपर्यंत जातात आणि परत येताना टेम्पोत बसतात.

आमिना : पण पळते ना?

मुरारी : टेम्पो? पळतो की.

आमिना : सायकल हो!

मुरारी : पळते. वाकलं की वारा डोक्यावरून जातो. ताठ बसलं की छातीवर येतो.

आमिना : तेच. मोबाईलवर एक गोरा माणूस तसंच सांगत होता. भाषा कळली नाय, पण वाकून दाखवलं त्याने.

लतीफ : आमिना, तुझे खांदे दुखतात गो. दिवसभर मशीनवर वाकतेस, वर सायकलवर पण वाकणार? हे घे, हात आपल्याकडे वळलेलं. खुर्चीवर बसल्यासारखी जाशील.

आमिना : खुर्चीवर बसायचं तर घरी हायेत की चार. दुबईवाल्या शेजाऱ्यांचं बघून तुम्हीच घेतल्यात.

मुरारी : भाभी, तुम्ही शिवणाचा क्लास घ्यायला वीरला जाता, एवढंच ना? तिथल्या बायका वेळेवर येतात?

आमिना : कधीच नाय.

मुरारी : मग एवढं पळून तिथे बसायचं कुणासोबत?

आमिना : तुम्ही हँडल विकायला बसलाय का परत पाठवायला?

मुरारी : माझ्याकडे दोनच प्रकारची गिऱ्हाइकं येतात. डॉक्टरने सायकल चालवायला सांगितलेली आणि डॉक्टरने सांगूनही न ऐकणारी. तुम्ही कशात बसता ते कळेना, म्हणून विचारतोय. बरं, मी म्हणतो, दोन सायकली घ्या ना. भाभींची पळणारी, तुमची खुर्चीवाली. भांडणच मिटलं.

लतीफ : दोन कशाला? एक पुरे. आलटून पालटून चालवू. नायतरी दोघांतला एक कायम...

आमिना : कायम काय?

लतीफ : काय नाय. घरात एक माणूस लागतो, असं म्हणत होतो.

आमिना : असं होय.

मुरारी : या वेळी मुक्काम लांबला म्हणून बोललो हो. एरवी मस्कतहून आलात की महिनाभरात बॅगा बांधता. आता तर पावसाळाही सरला.

आमिना : त्यांनाच विचारा, मुरारीभाऊ. मला पण ऐकायचंय.

(लतीफच्या खिशात फोन वाजतो.)

मुरारी : उचला, उचला. माझ्या दुकानात फोन उचलायला बंदी नाही. उधारीला आहे.

आमिना : नाय उचलणार. त्यांचा साहेब हाय. ह्यांच्याशिवाय त्या गोदामातला एक खोका हलत नाय म्हणे. अजून दोन वर्षं मागतोय. आज हो-नाय सांगायचंय, म्हणून सकाळपासून वाजतोय.

लतीफ : तुला कोणी सांगितलं?

आमिना : तुम्ही न्हाणीत गेलात की फोन मलाच वाजलेला ऐकू येतो. एकदा उचलला. चांगला माणूस वाटला. मला म्हणाला, मॅडम, लतीफभाई हमारे घर के आदमी हैं. मी म्हटलं, अच्छा?

मुरारी : आपण ब्रेककडे वळू या का?

लतीफ : हां, ब्रेक. ते आधी बघ. हिचे ब्रेक उलटे हायेत.

मुरारी : सुलटे आहेत. मीच बसवलेत. परवा बाजारात तुम्ही उलटे होता.

लतीफ : कळलं का तुलाही?

मुरारी : सुकटवालीच्या टोपल्यांत उताणे पडलेला माणूस महाडात लपून राहतो होय? तीन मांजरं तुमच्या दारापर्यंत पोचवायला गेली म्हणे.

आमिना : एक अजून गेली नाय.

लतीफ : हसा. पण ऐक, तिकडे आमच्या सायकलींना पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. इकडे उजव्या हाताला. मी मागचा म्हणून उजवा दाबला. पुढचं चाक जाग्यावर थांबलं आणि मी पुढे गेलो.

आमिना : सगळंच तसं झालंय त्यांचं. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात ना, तर हायवे ओलांडताना हे अजून डावीकडे बघतात. एसटी येते दुसऱ्याच बाजूने. मी बाही धरून ओढते.

लतीफ : हात शिकलेत त्याला काय करू? इतकी वर्षं गेली.

मुरारी : सोपं काम आहे. दोन तारा अदलाबदल करायच्या. नवे ब्रेक बसवतोच आहे. फक्त कुणाच्या हाताने बसवू ते सांगा. एका सायकलला दोन्हीकडून पुढचा ब्रेक लावता येत नाही.

आमिना : त्यांच्या हाताने बसवा.

लतीफ : आणि तू?

आमिना : मी शिकेन. पाहुण्याला त्रास नको.

लतीफ : आमिना...

मुरारी : भाभी, जरा मूठ धरा बघू. ही. आता बोटं लांब करा. ब्रेकची दांडी हाताला आली पाहिजे. आली? ते मधलं बोट का नाही येत?

आमिना : ते तेवढंच येतं.

लतीफ : बघू. हे कधी झालं?

आमिना : पुराच्या वेळी. पाणी जिन्याला लागलं, मशीन माळ्यावर चढवत होते. कठड्यात दबलं.

लतीफ : मशीन वाचली म्हणून सांगितलंस. फोटो पण पाठवलास.

आमिना : मशीनचा पाठवला.

लतीफ : रोज बोलायचो ना गो आपण? रोज. व्हिडिओवर.

आमिना : व्हिडिओवर तोंड दिसतं. बोट कुठे दिसतंय?

मुरारी : काळजी नको. या ब्रेकला आत बारीक स्क्रू आहे. पिळला की दांडी मुठीकडे सरकते. बोटाने लांब जायचं नाही, ब्रेकच जवळ येतो. बघा आता.

आमिना : आला.

लतीफ : दुखतं का अजून?

आमिना : थंडीत. मुरारीभाऊ, हँडल मात्र ते खालचंच.

लतीफ : पण का गो? कसली एवढी घाई हाय तुला? खांदे मोडून कुठे वेळेवर पोचायचंय?

आमिना : वीरला.

लतीफ : क्लासला?

आमिना : स्टेशनला.

मुरारी : मी चहा सांगून येतो.

आमिना : बसा तुम्ही. तुमच्यासमोर बोलले तर रडणार नाय मी. हे जाताना दर वेळी सांगतात, स्टेशनवर येऊ नको, उगाच रडशील. मी पण नाय जात. दारातून हात करते, रिक्षा वळली की पातेली घासायला घेते. मागच्या वेळी घासवेना. सायकल काढली.

लतीफ : कधी?

आमिना : तुमची रिक्षा गेल्यावर. ही सायकल, हे असं ताठ हँडल, आणि समोरून वारा. सगळा छातीवर. पोचले तर गाडी हलली होती.

लतीफ : मी खिडकीत होतो.

आमिना : दुसऱ्या बाजूच्या.

लतीफ : हाक मारायचीस.

आमिना : हाक मारायला दम लागतो. तो चढावरच संपला. शेवटचा डबा गेला, मग एका रिक्षावाल्याने विचारलं, चाची, महाडला सोडू? सायकल कुठे ठेवू त्याच्या रिक्षात? परत चालवतच आले.

लतीफ : सांगितलं नायस कधी.

आमिना : तुम्ही मस्कतला उतरल्यावर फोनवर पहिलं विचारलंत, जेवलीस का? म्हटलं, जेवले. मग तेच चालू राहिलं. आता तुम्ही हो म्हणाल साहेबाला, ते मला ठाऊक हाय. मी अडवणार नाय. पण पुढल्या वेळी मला पोचायचंय. म्हणून पळणारी पायजे.

मुरारी : लतीफभाई, मी फक्त मेकॅनिक आहे. मला एवढंच सांगा, पुढचा ब्रेक कुठल्या हाताला?

लतीफ : उजव्या.

मुरारी : उजव्या म्हणजे भाभींच्या सवयीने. बरोबर ऐकलं ना? मागाहून तारा काढायला लावाल तर चिडेन.

लतीफ : उजव्याच. हिच्या हाताने बसव.

आमिना : मग तुम्ही पडाल.

लतीफ : पडेन.

आमिना : एकदा नाय, परत परत पडाल. या वयात हात काय आठवड्यात बदलतात?

मुरारी : काहींना वर्ष लागतं. काहींना दोन.

लतीफ : लागू दे.

आमिना : फोन वाजतोय तुमचा.

लतीफ : हां. धर ही पिशवी, उचलतो. हॅलो. हां साब. सलाम. नहीं साब, बीमार नहीं. हाथ का लफडा है. हाथ उधर का हो गया है, इधर का बनाना है. टाइम लगेगा. नहीं साब, दो साल बाद भी नहीं. मोइद्दीन को बोलो, तीसरे रॅक की चाबी दरवाजे के पीछे टांगता था मैं. हां. खलास साब. दुआ में याद रखना.

मुरारी : त्या सुकटवालीला निरोप देऊन ठेवतो. टोपल्या जरा आत घे म्हणावं.

लतीफ : आणि तू काय बघतेस अशी? जेवलीस का?

आमिना : नाय. सकाळपासून नाय जेवले.

लतीफ : चल मग. मुरारी, संध्याकाळी न्यायला येतो. दोघं येतो.

मुरारी : पण हँडल? शिंगांचंच ना?

आमिना : ते राहू द्या. आपल्याकडे वळलेलं लावा.

मुरारी : भाभी, आधीच सांगतो, ते तेवढं पळणार नाही.

आमिना : चालेल. आता घाई नाय.