पडद्यामागची हिरवं लुगडं नेसलेली बाई

हसू नका, पण माझा आवडता सिनेमा मी उलटा पाहिलाय. धरणगावला गणपतीत गल्लीत पांढरा पडदा बांधून पिक्चर दाखवायचे. पुढे जागा नसली की आम्ही पडद्यामागे बसायचो. नावं उलटी दिसायची, बाकी सगळं तेच. त्यातली एक बाई डोक्यात बसली. हिरवं लुगडं, हिरोसमोर पाठमोरी उभी, नुसती गुणगुणायची. आता मी जळगावात घरीच गाणी करून नेटवर टाकतो ना, त्यातलं पहिलं गाणं म्हणजे तिचीच चाल.

परवा हे गावी सांगत होतो, तर तेव्हा प्रोजेक्टर चालवणारे नाना म्हणाले, "त्या पिच्चरमा अशी बाई नही शे."

मी चिडलो. मोबाईलवर अख्खा पिक्चर पाहिला. खरंच नव्हती!

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "नाना, अहो, मी तिची पाठ पाहिलीय!"

नानांनी चहाचा कप खाली ठेवला. "आम्हाले पुढून कोणीच दिसनं नही, भाऊ. मंग ती तुन्या बाजूले उभी व्हती."

ते गाणं मी अजून गातो. फक्त भिंतीला पाठ टेकवून.