शिंपीण, तीनवरून दोन

अहो बसा, बसा — उठून जाणार कुठे? पँट माझ्याकडे आहे. ती चादर घ्या गुडघ्यांवर, नीट घ्या, पडद्याच्या आत कुणी येत नाही, आणि आलंच तर काय, या स्टुलावर भल्याभल्यांनी अशीच वाट बघितलीय — एक न्यायाधीश बसले होते, खरंच, चेन तुटून, आणि मांडीवर हीच चादर. अर्धा तास म्हणालो ना, म्हणजे अर्धाच तास. जुनी चेन उसवायची, नवी बसवायची, दोन टिपा मारायच्या, झालं. आणि तो फोन लपवू नका हो. मगाशीच बघितलं मी. पत्त्यांचा तो खेळ, तोच ना? लाजताय काय! मीपण तोच खेळतो. का, शिंप्यानं खेळू नये असं लिहिलंय कुठे? हा बघा, ड्रॉवरमध्ये, बॉबिनांच्या शेजारी फोन. चौथं वर्ष चालू आहे मला. तुम्हाला? — दोन? मग लहान आहात अजून तुम्ही.

आज अपडेट आहे, माहितीय ना? महिन्याचा पहिला गुरुवार, चार वाजता. आता किती झाले — साडेतीन. वेळ आहे. बरं, अपडेट आलं की तुम्ही काय बघता आधी? नवी कार्डं? सगळे तेच बघतात. मी नाही. मी खाली जातो, पार खाली, जिथे लिहिलेलं असतं ‘समतोलासाठी बदल’. कुठलं कार्ड कमी केलं, कुठल्याला वर काढलं, आणि का. त्या नोंदी माझी लेक लिहिते. — हो, माझी! त्या कंपनीत आहे ती. कार्डांचं बळ तीच ठरवते, तीच काढते, तीच घालते. मोठी जागा आहे. फोन असतो ना रोजचा, रोज संध्याकाळी, बाबा जेवलात का, बाबा चष्मा बदला... असो. दोरा काळा लावू की राखाडी? राखाडीच बरा, काळा उठून दिसेल.

तुम्ही कुठला डेक खेळता, कुठली कार्डं घेऊन? — ज्वालामुखीवाला? अरेरे. त्याचं तर मागच्याच महिन्यात कंबरडं मोडलं. मग, बदललात का काही, की तसाच रेटताय? तसाच! हे बघा, रागावू नका, पण हे चुकतं लोकांचं. बदल झाला की अर्धे लोक शिव्या घालत खेळ सोडतात आणि अर्धे हट्टानं तसंच खेळतात आणि हरतात. अहो, गिऱ्हाईकाचं पोट सुटलं तर पँट टाकून देतो का आपण? आत शिवणीत कापड राखलेलं असतं, उसवतो, बोटभर सोडतो, पुन्हा टीप मारतो. तुम्ही तो मोठा राक्षस काढा, त्याच्या जागी दोन छोटे घाला, आणि पहिल्या तीन खेळी नुसते टिकून राहा. टिकून राहणं लोकांना जमत नाही. मला जमतं. मला दुसरं काही जमतच नाही म्हणा ना.

माझा डेक? शिंपिणीचा. — हसा, हसा. सगळे हसतात. शिंपीण कोण खेळतं! हल्ला शून्य, आयुष्य तीन, बसते कोपऱ्यात. पण दर खेळीला काय करते? मेलेल्या कार्डांच्या ढिगातून एक उचलते, शिवते, आणि परत मैदानात पाठवते. दर खेळीला एक. मी काय केलं, सगळी चिल्लर घातली डेकमध्ये, एकेका फुंकरीनं उडतील अशी चिंधी कार्डं, आणि मधे ही बाई. समोरचा मारतोय, ही शिवतेय, तो मारतोय, ही शिवतेय — शेवटी माणूस कंटाळून उठून जातो. दहातले सात डाव जिंकायचो मी. चित्र बघितलंय कधी तिचं, मोठं करून? करा, करा मोठं. तोंडात सुई धरलीय, दिसतेय? आणि अंगुस्तान — ती लोखंडी टोपी हो, शिवताना बोटात घालतात ती — ते कुठल्या बोटात आहे? करंगळीजवळच्या. जगात कुठलाही शिंपी त्या बोटात घालत नाही. मधल्या बोटात घालतात. एकच बाई घालायची तसं, त्या समोरच्या खिडकीत बसून, काजं करताना. अठ्ठावीस वर्षं ओरडलो मी तिच्यावर, अगं बोट चुकलं, अगं बोट चुकलं. माझी बायको. म्हणजे लेकीची आई.

तर हे कार्ड लेकीनं केलंय, कळलं ना आता? सांगितलं नाही मला कुणी. भाचीनं खेळ दाखवला, मामा, ताई इथे काम करते म्हणाली, आणि मी आपला बोटानं कार्डं सरकवतोय सरकवतोय, आणि ही समोर. मशीनवर बसलो होतो, या इथेच. उठलो नाही दिवसभर. मग शिकलो खेळ. साठीला आलेला माणूस, डोळ्याला दिसत नाही धड, सुरुवातीला शाळेतल्या पोरांकडून सडकून मार खाल्ला, पण शिकलो. तिच्याशिवाय एक डाव खेळलो नाही. — लेकीशी बोलत असताना मला कार्ड भाचीकडून का कळलं? हं. चांगलं ऐकता तुम्ही. चेनचा रनर जरा घट्ट आहे, मेण लावतो.

नाही बोलत. बस. पाच वर्षं नाही बोलत. रोजचा फोन वगैरे मी उगाच... गिऱ्हाइकांना सांगतो तसं. चौकशा थांबतात. पण बातमी असते हं मला. त्या नोंदीच. दर महिन्याला आल्या की कळतं — आहे, बरी आहे, कामावर जातेय. आणि लिहिते कशी, तुम्ही वाचत नाही कधी, वाचायला हव्यात. बाकीच्या खेळांत रुक्ष असतं, अमक्याचं बळ पाचवरून चार. ही लिहिते, ‘द्वारपाल आजोबांना झोप अनावर झाल्यानं ते आता एक खेळी उशिरा उठतील.’ रागात असली की वाक्यं आखूड होतात. एका महिन्यात सर्दी झाली होती तिला, सांगतो तुम्हाला, माझी खात्री आहे, त्या अख्ख्या पानावर एक विनोद नव्हता.

आणि मग पाच महिन्यांपूर्वी ती नोंद आली. पाठ आहे मला. ‘शिंपीणबाईंना बोलावणारे फार थोडे, पण जे बोलावतात ते त्यांना उसंत देत नाहीत. बाई दमल्यात. यापुढे त्या एका खेळीआड शिवतील. आयुष्य तीनवरून दोन. माफ करा, बाई.’ — माफ करा, बाई. सगळ्या जगासमोर. मी भाचीला फोन केला, कोण हा हरामखोर, म्हटलं, कोण वापरतो माझ्या... कोण वापरतो हे कार्ड इतकं? खेळाचे आकडे सगळ्यांना बघता येतात, तिनं ते काढले. म्हणाली, मामा, हे कार्ड लावणारे अख्ख्या खेळात पन्नास-साठ जण, आणि त्यात दिवसाला वीस डाव खेळणारा तू एकटा. ती सरासरी म्हणजे तूच. बोला! लेक तिकडे आकडे बघतेय, म्हणतेय कुणीतरी बाईला राबवून घेतंय, आणि तो कुणीतरी म्हणजे तिचा बाप. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिच्या हातांनी तिच्या आईचं आयुष्य कमी करायला लावलं मी. आणि पुन्हा एकदा.

पुन्हा एकदा का म्हणालो? नका विचारू. — बरं, तुम्ही विचारलंच नाही, मीच म्हणालो. बायको दवाखान्यात होती शेवटी. हात रिकामे बसेनात तिचे, चादरीची किनार चिमटीत धरून नुसतेच टाके घालायची, सुईशिवाय. तर ही पोरगी तिला रमवायला खेळ करायची. माझे फर्मे होते ना, कापड बेतायचे, पुठ्ठ्याचे, कॉलरचे, बाह्यांचे, वीस-वीस वर्षांचे — ते कापून पत्ते केले, वर चित्रं काढली, नियम रोज नवे. आई हरायला लागली की पोरगी नियम बदलायची, आईला जिंकवायची. मी एका दुपारी डबा घेऊन गेलो, तर दोघी हसतायत. इतक्या हसतायत की सलाईनचा स्टँड हलतोय. आणि पलंगभर माझे फर्मे. उचलली जीभ लावली टाळ्याला — आई चाललीय आणि तुला खेळ सुचतोय? हसणं थांबलं. तेवढंच नाही. बायको गेल्यावर घर माणसांनी भरलेलं असताना पुन्हा म्हणालो, सगळ्यांसमोर. ही आईपाशी खेळत बसली म्हणून आई लवकर गेली. तिसऱ्या दिवशी पोरीनं बॅग भरली. मला वाटलं येईल आठवड्यात. आणि तिला वाटलं असेल बाबा बोलावतील. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तिचाही नाही, माझाही नाही.

मग काय करायचं? मी ठरवलं, हरायचं. हसू नका, फार कठीण काम आहे. आकडे वर गेले म्हणून कार्ड कमी झालं, तर आकडे खाली आणायचे, म्हणजे ती परत वाढवेल. डाव सोडून पळालो तर तो धरत नाहीत, म्हणून शेवटपर्यंत बसून हरायचं. शिंपिणीला मैदानात आणायचं, कोपऱ्यात बसवायचं, आणि हातात काही द्यायचं नाही. ढीग पडलाय शेजारी शिवायचा आणि ती नुसती बसलीय. रोज वीस डाव. बघवत नाही हो. एकदा चुकून जिंकलो, तर इतकी चिडचिड झाली की एका नवरदेवाच्या कोटाची बाही उलटी लावली. पाच महिने असं. दर पहिल्या गुरुवारी बघतो, काही नाही, काही नाही. भाची परवा म्हणाली, गुरुवारी होईल, आकडा पार तळाला गेलाय.

किती वाजले? वाजले चार? माझ्या फोनवर अजून चक्र फिरतंय, हा असाच, अर्धा तास घेतो. तुमच्यावर आलं? खाली जा, पार खाली. वाचा की, मोठ्यानं वाचा. — काय? पुन्हा वाचा. तीन? तीन लिहिलंय? आणि दर खेळीला? दर खेळीला शिवणार? अहो... थांबा, सुई टोचली. काही नाही, थेंबभर आहे, तुमच्या पँटीला नाही लागू देत. केलं बघा तिनं! दिलं परत! बोललो नव्हतो? द्या, द्या इकडे फोन, मला बघू दे, काय लिहिलंय पुढे, काहीतरी लिहिलं असणार तिनं, बाई परत कामावर आल्या असं काहीतरी —

‘कार्ड क्रमांक दोनशे चौदा, शिंपीण. आयुष्य दोनवरून तीन. क्षमता प्रत्येक खेळीत लागू. वापर वाढवण्याच्या दृष्टीने हा बदल करण्यात आला आहे.’

एवढंच? वर आहे का काही? द्वारपाल — क्रमांक सत्त्याण्णव. ज्वालामुखी — क्रमांक बत्तीस. करण्यात आला आहे, करण्यात आला आहे. हे तिनं लिहिलेलं नाही. नाही हो, चिडली तरी अशी लिहीत नाही, सर्दी झाली तरी नाही. क्रमांक घालत नाही ती कुणाला. हे कुणीतरी दुसरं आहे. तिच्या खुर्चीत कुणीतरी दुसरं बसलंय. — रजेवर असेल? असेल. नोकरी बदलली असेल, असेल. आजारी असेल? तेच तर म्हणतोय मी! आजारी असली तर मला कोण सांगणार? आत्तापर्यंत हे पान होतं. महिन्यातून एकदा तरी कळायचं. आता काय कळणार मला, सांगा ना, शिंपिणीचं आयुष्य तीन झालं म्हणून?

भाचीला काय विचारायचं, ती परवाच परदेशी गेली कामाला, फोन लागत नाही तिचा. नंबर? लेकीचा नंबर आहे. तो काय, खिळ्याला, तुमच्या डोक्यावर. कॉलरचा फर्मा आहे ना अर्धा कापलेला, त्यातला उरलेला. त्याच्यावर भाचीनं लिहून ठेवलाय, तीन वर्षं झाली. रोज समोर असतो. खाली घेतला नाही कधी. काय म्हणणार होतो मी, की तुझं कार्ड... की तू खेळत होतीस ते बरोबर होतं? की ती हसत होती, आणि मला डबा घेऊन दारात उभं राहून बघता आलं नाही?

द्या तो फर्मा काढून. हात पुरत नाही माझा तिथे. — हं.

ही घ्या पँट. चेन ओढून बघा एकदा, खालपर्यंत. झाली ना? पैसे राहू द्या, नंतर कधीतरी, चला, उरका. चादर राहू द्या तिथेच, मी घडी करतो. नाही, आज दुसरं काही घेत नाही, बटण लावायचं असेल तर उद्या आणा. आणि जाताना दार ओढून घ्या — नाही, पूर्ण. कडी बसेपर्यंत. रस्त्याचा आवाज फोनमध्ये फार येतो.