हवा भरेपर्यंत

(गॅरेज. लाकडाचे ओंडके वाहणारा मोठा ट्रक. मिस्त्री केबिनमध्ये डॅशबोर्डखाली वाकलेला. त्याचा मेहुणा, ट्रकचा ड्रायव्हर, बाहेर पायरीवर.)

ड्रायव्हर : तेवढी वायर सोडून काय तोडायचं ते तोडा, दाजी. रेडिओ तोडा. हॉर्न तोडा.

मिस्त्री : हुकूम या बटणाचा आहे.

ड्रायव्हर : बसवलंत तुम्हीच ना? जंगलातल्या कच्च्या रस्त्याला लागलं की दाबायचं, चाकांतली हवा उतरते, गाडी गादीवरून गेल्यासारखी जाते. डांबरी लागली की पुन्हा दाबायचं, हवा भरते. शिकवताना तर घरात मूल जन्माला आल्यासारखा चेहरा होता तुमचा.

मिस्त्री : बसवलं तेव्हा साहेबांनी फीत कापली. आता कापाकापी माझ्याकडे.

ड्रायव्हर : डॉक्टर काय म्हणाले, ते ताईनं सांगितलं असेलच.

मिस्त्री : सांगितलं. मणका झिजलाय. आणखी दणके बसले तर पाय जातील.

ड्रायव्हर : पाय गेल्यावर ब्रेक कोण दाबणार, ते विचारा साहेबांना.

मिस्त्री : नको. त्याचंही बटण बसवतील.

ड्रायव्हर : पण काढतायत का? रस्ता खचत नाही, टायर टिकतात. वाईट काय झालं?

मिस्त्री : तू मीटिंगमध्ये बोललास.

ड्रायव्हर : मी तर कौतुक केलं!

मिस्त्री : तेच नडलं. साहेबांनी विचारलं, नव्या यंत्रात सगळ्यांत चांगलं काय? बाकीचे शहाण्यासारखे 'सगळंच' म्हणाले. तू म्हणालास, डांबरीच्या तोंडाशी हवा भरेपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात मी गवतावर पाठ टेकतो, जीवात जीव येतो.

ड्रायव्हर : येतोच.

मिस्त्री : येत असेल. पण साहेबांना त्या दिवशी कळलं की गाडी उभी राहते.

ड्रायव्हर : मऊ चाकांनी डांबरीवर पळवली तर टायर तापून फुटेल, हे नाही सांगितलंत?

मिस्त्री : सांगितलं. म्हणाले, 'मग मऊ करूच नका.' बिनतोड. शिकलेला माणूस आहे.

मॅनेजर : (गॅरेजमध्ये येत) काय मिस्त्री, झालं का? उद्या पाहुणे येतायत, जंगलाचे रस्ते जपणारी आपली यंत्रणा बघायला.

मिस्त्री : तीच काढतोय, साहेब.

मॅनेजर : काढा ना. दिवा तेवढा ठेवा. बटण दाबलं की हिरवा लागला पाहिजे.

ड्रायव्हर : साहेब, मी आता खाली उतरणार नाही. हवा भरेपर्यंत सीटवर ताठ बसून राहीन. पाठ टेकणारच नाही.

मॅनेजर : अरे, तुझ्यावर राग का आहे कुणाचा? उलट ड्रायव्हर लोकांच्या बोलण्याची आम्ही इतकी तातडीनं दखल घेतली, असं पहिल्यांदाच घडतंय. पाठीला पट्टा बांध. चांगले मिळतात हल्ली. चला, येतो.

ड्रायव्हर : दाजी, तुम्ही 'नाही' म्हणालात तर?

मिस्त्री : तर संध्याकाळी इथं दुसरा मिस्त्री वाकलेला असेल. आणि तुझ्या ताईच्या घरी दोघं रिकामे बसलेले.

ड्रायव्हर : मग मीच सोडतो नोकरी.

मिस्त्री : सोड.

ड्रायव्हर : आत्ता जातो आणि तोंडावर सांगतो.

मिस्त्री : जा.

ड्रायव्हर : जातोच.

मिस्त्री : अजून पायरीवरच आहेस.

ड्रायव्हर : उतरताना कळ येते. ती जाईपर्यंत थांबलोय.

मिस्त्री : हात दे. वर ये. हळू... हं, बस सीटवर. आता आलाच आहेस तर दाब बटण, बघू.

ड्रायव्हर : हिरवा लागला.

मिस्त्री : हवा?

ड्रायव्हर : आवाज नाही.

मिस्त्री : म्हणजे झालं काम.

ड्रायव्हर : ताई विचारेल तुम्हाला. रोज विचारते, बटण चालतंय ना म्हणून.

मिस्त्री : काय सांगू?

ड्रायव्हर : दिवा लागतो म्हणा.