पहिली शंभर खोकी

...आणि वर म्हणतात, वायरच तर आहे! तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षं बातमीदारी केली, भल्याभल्यांना तोंडावर खोटारडे म्हटलं, पण दादाच्या कारखान्यातल्या त्या यांत्रिक हातासमोर माझा सगळा रुबाब उतरला. पंचवीस किलोचं खोकं उचलतो, गर्रकन वळतो, खाली ठेवतो, दिवसभर हेच! त्याला फिरवणाऱ्या सर्वो मोटरची केबल दर खोक्याला त्याच्याबरोबर एकदा वाकते. ती आतून तुटली की आपण कुठं आहोत हेच हाताला कळत नाही, आणि खोकं सुटतं. गेल्या महिन्यात सुटलं... वहिनींच्या पायापासून चार बोटांवर. वहिनी रोज तिथंच उभ्या असतात ना, खोकी मोजायला!

मी लगेच अग्रलेखाच्या आवाजात, ‘दादा, हा निष्काळजीपणा आहे!’ दादा थंडपणे म्हणाला, ‘मग तूच आण चांगली. वायरच तर आहे.’

आणली. दुकानातली सगळ्यांत जाड. जाड म्हणजे दणकट, नाही का? वहिनी वाकवायला गेल्या तर वाकेचना. म्हणाल्या, ‘भाऊजी, ही भिंतीवर ठोकायची. हलती ठेवली की आतून मोडणार. लावू म्हणता तर लावू, पण आमची पद्धत आहे. ज्यानं वायर निवडली, त्यानं पहिली शंभर खोकी माझ्या जागी उभं राहायचं.’

मी उलटपावली दुकानात! विचारलं, किती वेळा वाकली की तुटते? दुकानदार हसतोय, ‘साहेब, वायरच तर आहे, तिच्याकडून काय योगासनं करून घ्यायचीत?’ अहो, तेच तर करून घ्यायचंय! भांडलो, काउंटरवर हात आपटला, तेव्हा कुठं त्यानं आतून एक सडपातळ, लवचीक केबल काढली, सोबत कंपनीचा कागद... पन्नास लाख वेळा वाकेल.

ती बसवली आणि उभा राहिलो वहिनींच्या जागी. खोकं डोक्यावरून जातंय, मी डोळे मिटतोय, मनात एकच, कागद खरा असेल ना? छापलेलं किती खरं असतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत! शंभरावं टेकलं. घाम पुसत म्हटलं, ‘बघा, काही झालं का? वायरच तर आहे.’

वहिनींनी मला बाजूला सारलं आणि आपल्या जागी उभ्या राहिल्या. ‘उरली एकोणपन्नास लाख नव्याण्णव हजार नऊशे. मोजते मी. संपत आली की बोलावते, भाऊजी. पुढची वायरही तुम्हीच आणायची.’

तेव्हापासून दादाकडचा फोन आला की हॅलो नाही म्हणत मी... विचारतो, कितवं?