सगळ्याला ओके

कानाच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. माझा एक कान बंद, पण दुसरा शाबूत, आणि त्याच बाजूला नणंद-भावजय बसलेल्या.

“वन्सं, तुमच्या भावानं एका ‘ओके’वर संसार रेटलाय. चहा देऊ? ओके. गॅस संपला. ओके. शेजारचा मुलगा रडत सांगायला आला, बाबा गेले. त्यालाही ओके!”

“अगं बाई! मग?”

“मग काय, मीच मोठ्यानं रडले. तेव्हा कुठं यांनी टोपी काढली.”

“पत्र्याच्या पेट्या ठोकून ठोकून कान गेले गं त्याचे. ऐकू येत नाही म्हणायची लाज वाटते.”

“ते कळतं हो. पण परवा मी चिडून म्हटलं, धाकट्या बहिणीकडं राहायला जाते, कायमची. तर ओके!”

“त्याला ऐकूच आलं नसेल.”

“आणि आलं असेल तर? बॅग भरून ठेवलीय मी.”

तेवढ्यात आतलं दार उघडलं. पांढऱ्या मिशांचा दादला कानामागं नवं मशीन लावून बाहेर आला आणि छताकडं बघत म्हणाला,

“हा पंखा एवढा करकरतो?”

“अहो,” भावजय अगदी हळू म्हणाली, “उद्या मी धाकटीकडं राहायला जाते. कायमची.”

“अजिबात जायचं नाही! डोकं फिरलंय का? मी काय भिंतीशी बोलत बसू?”

वन्सं खुदकन हसल्या. भावजय पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिली. मग नाक पुसून म्हणाली,

“ओके.”